आई पुढे गेली

मी घर सोडलं तेव्हा हर्सूलहून चिकलठाण्याच्या विमानतळावर पोचायला आम्हाला दोन दिवस लागले, असं बाबा अजून सांगतात. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. आदल्या दिवशी आईनं मला वेरूळला नेलं, कारण ते तिचं माहेर आणि घृष्णेश्वराला सांगितल्याशिवाय निघायचं नाही. येताना खुलताबादला गाडी थांबवून दर्ग्यात फुलं दिली, कारण माझा मामा तिथल्या नवसाचा. निघायच्या सकाळी हर्सूलची देवी राहिली होती, म्हणून बॅगा गाडीत टाकून पुन्हा तिकडे. माझा थोरला भाऊ, दादा, स्टिअरिंगवर बसून हॉर्न वाजवत होता. विमानतळाच्या दारात आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "जिथं जाशील तिथल्या देवाच्या आधी पाया पड, बाई. पाहुण्यानं घरधन्याला रामराम करायचा असतो."

टेक्सासात येऊन मी कुणालाच रामराम केला नाही. इथं आधी लायसन्स काढतात, मग ग्रोसरीचं दुकान शोधतात. तुम्ही जे तिकडे राहिलात, त्यांना वाटतं आम्ही इथं मजेत आहोत. जे माझ्यासारखे निघून आलात, त्यांना माहीत आहे की वीकेंडला लॉन कापताना अचानक भाकरीचा वास आला की माणूस मशीन बंद करून उभा राहतो. वास कुठूनही आलेला नसतो.

गेल्या वर्षी आई पहिल्यांदा माझ्याकडे आली. बाबांनी विमानात बसायला साफ नकार दिला होता. आठवडाभर ती खिडकीतून रिकामा रस्ता बघत राहिली आणि मग तिला शेजारची डोना सापडली. डोना तिच्याच वयाची, नवरा गेलेला. एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी, तरी दोघी दुपारभर अंगणात बसून बोलायच्या. आई मेथी निवडायची, डोना देठं वेगळी करायची. एवढ्या वर्षांत मला त्या बाईच्या नवऱ्याचं नावही माहीत नव्हतं, ते आईनं मला सांगितलं.

डोनानं एका रविवारी आम्हा सगळ्यांना तिच्या चर्चमध्ये बोलावलं. मी टाळत होते. आई म्हणाली, "बोलावलंय माणसानं, तर जावं लागतंय." तिनं ठेवणीतली इरकल नेसली, डोक्यावर पदर घेतला, कुंकू ठसठशीत लावलं, आणि आम्ही निघालो. मी, माझा नवरा, माझी मुलगी रेवा आणि पुढच्या सीटवर आई.

चर्च म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आमच्याकडच्या लष्करी छावणीतलं जुनं दगडी चर्च होतं. हे बॅप्टिस्ट चर्च म्हणजे मॉल होता. गाड्या लावून द्यायला माणसं झेंडे घेऊन उभी. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी दाराजवळच वेगळं पार्किंग. आत शिरलो तर जो तो हात हातात घेऊन विचारत होता, पहिल्यांदाच आलात का? कॉफी आली, डोनट आले, रेवाला फुगा आला. वरपक्षाचा मान म्हणजे काय ते मला माझ्या लग्नातही कळलं नव्हतं, ते तिथं कळलं. आमच्याकडे कुणी इतकं गोड बोललं की माणूस आधी खिसा चाचपतो. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले.

आईनं चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या. मला ते दिसलं, पण देवाच्या घरात तिला चप्पल घालायला सांगणार कोण? समोर स्टेज, ड्रम, गिटार, भिंतीएवढे दोन स्क्रीन. मागे उंचावर काचेचा हौद, त्यात निळ्या दिव्याखाली स्थिर पाणी. मूर्ती कुठंय, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, नसते इथं. ती त्या पाण्याकडे बघत राहिली. "तीर्थ दिसतंय," ती म्हणाली.

भाषण संपत आलं तसे दिवे मंद झाले. पियानो हळू वाजायला लागला आणि पास्टर आवाज खाली आणून म्हणाला, ज्याला आत हाक ऐकू येतेय त्यानं आज उठावं, पुढे यावं. पुढे जाणं म्हणजे येशूला स्वीकारणं, हे मला कळत होतं. आईला कळत नव्हतं. तिला फक्त दिसलं की लोक जागेवरून उठून एकेक करून पुढे चाललेत आणि डोकं टेकवतायत. जन्मभर तिनं देवळात हेच पाहिलं होतं. भजन झालं, आता दर्शनाची रांग लागली. ती वाटेच्या कडेच्या खुर्चीवर होती. मी उठेपर्यंत ती अनवाणी मधल्या वाटेवर पोचली होती.

स्टेजच्या पायरीला तिनं हात लावला, मग कपाळ टेकवलं. पास्टर खाली उतरला आणि गुडघ्यांवर बसला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिला वाटलं आशीर्वाद. त्यानं काहीतरी विचारलं. आईला इंग्रजीतले दोनच शब्द येत होते, ते दोन्ही तिनं वापरले. येस. थँक्यू. त्याच क्षणी दोन्ही स्क्रीनवर तिचा चेहरा आला, भिंतीएवढा, कुंकवासकट, आणि सगळा हॉल उठून टाळ्या वाजवायला लागला. डोना रडत होती. आई वळून माझ्याकडे बघून हसली, लहान मुलीसारखी.

पुढचे दिवस फार प्रेमाचे गेले, आणि तीच भीती होती. केक आले, फुलं आली. दोन बायका येऊन मोठ्या अक्षरांतलं पुस्तक देऊन गेल्या. बाप्तिस्म्यासाठी त्या काचेच्या हौदात आईला कधी उतरवायचं, हे विचारायला रोज फोन. मी सांगितलं, तिचा गैरसमज झाला होता. पलीकडचा आवाज जराही चिडला नाही. म्हणाला, हाक गैरसमजातूनही येते, आम्ही वाट बघू. डोना मला म्हणाली, तुला कळत नाहीये, पण तुझी आई घरी आलीय.

चर्चनं ते दृश्य आपल्या पेजवर टाकलं होतं. ते उचलून पुढे धाडणारा कुणी गोरा नव्हता, आपलाच मराठी माणूस. खाली दोन ओळी लिहिल्या होत्या, संभाजीनगरच्या या माउलीनं परदेशात जाऊन धर्म सोडला. ते आमच्या भावकीच्या ग्रुपवर पोचलं तेव्हा दादाचा फोन आला. मला वाटलं ओरडेल. तो हळू आवाजात म्हणाला, "तिला कुंकू लावू देतात का तिकडं?"

मी आईला पोचवायला तिच्यासोबत आले. हर्सूलच्या घरी पोचलो आणि त्याच आठवड्यात गावातच चुलतभावाच्या मुलाची हळद होती. आमच्या भावकीत हळकुंड फोडायला पहिला हात आईचा असतो. तिचा हात लाभाचा, असं आजी म्हणायची आणि तेव्हापासून कुणी दुसरीला पुढे केलं नव्हतं. आईनं नव्या बांगड्या भरल्या होत्या. मांडवात लोक नेहमीसारखेच वागले. पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला. मग सुवासिनींना हाका मारायला लागले. आई उठायला लागली तशी तिची धाकटी जाऊ तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "राहू द्या आक्का, बसा तुम्ही. लई लांबून आलात." खांद्यावरचा हात तिनं काढला नाही. पाची बायकांनी हळकुंड फोडलं, गाणी झाली, आणि आई मांडीत हात घेऊन सगळं बघत बसली. तिच्या ताटात पुरणपोळी सगळ्यांच्या आधी आली.

दुसऱ्या दिवशी घरी एका हिंदू संघटनेची चार-पाच तरुण मुलं आली. दादानंच बोलावली होती. बाबा खाली मान घालून पेपर वाचत बसले. मुलं नम्र होती, आईच्या पाया पडली, चहा घेतला. त्यांच्यातला एक म्हणाला, "काकू, छोटासाच कार्यक्रम आहे. मंदिरात दोन मंत्र, एक हार, एक फोटो. तुम्ही परत आलात एवढं लोकांना दिसलं की झालं." दादा म्हणाला, फोटोपुरतं कर, आई.

आईनं सगळ्यांच्या कपबश्या गोळा केल्या. मला वाटलं आत निघून जाईल. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी गेलेच नाय कुठं. मग परत कशी येऊ?"

जाताना त्या मुलानं पुन्हा वाकून नमस्कार केला. "ठीक आहे काकू. आम्ही येत राहू," तो म्हणाला आणि हसला. अगदी डोनाच्या चर्चमधल्या लोकांसारखा हसला तो, मनापासून.

आमच्या घराचं पुढचं दार दिवसभर उघडं असायचं. कोणीही यावं, पाणी मागावं. मी निघाले त्या दुपारी आईनं मला दारापर्यंत सोडलं आणि माझ्यामागे आतून कडी लावली. तो आवाज ऐकून मी रिक्षात बसून रडले, आणि रिक्षावाल्यानं काही न विचारता गाणं बंद केलं.

परदेशात राहणाऱ्यांना एक खोड असते. आपण कुठंही गेलो तरी मागे घर जागच्या जागी आहे, असं आम्ही धरून चालतो. आता मला ते धरता येत नाही. रविवारी डोना कुंपणापाशी येते आणि विचारते, तुझी आई परत कधी येणार? रात्री दादाचा फोन येतो, तोही तेच विचारतो, तिला समजाव ना, परत कधी येणार ती? दोघंही तळमळीनं विचारतात. आणि आई हर्सूलला स्वतःच्या घरात, कडी लावलेल्या दाराआड, आहे तिथंच बसलेली असते.