वामन मिस्त्रीचं निळं दार

बॅटरी चार्जिंगला लावली की तिला अख्खा दिवस लागतो. तिला घाई करता येत नाही आणि तिच्या मालकाला घरी जाता येत नाही. मग तो माझ्या बाकड्यावर बसतो, चहा मागवतो आणि बोलायला लागतो. माझ्याकडे किस्से असे जमले, मी काही गोळा करायला गेलो नव्हतो. त्यातले निम्मे खोटे असतील. पण शेजारच्या वामन मिस्त्रीचे सगळे खरे, कारण ते लेखी असायचे!

आलापल्लीच्या अलीकडे एका नाक्यावर माझं बॅटरीचं दुकान आणि त्याला लागून वामनभाऊचं गॅरेज. ही ऐंशीनंतरच्या वर्षांची गोष्ट. नवी गाडी आमच्या भागात कोणी पाहिलीच नव्हती. शहरात दोन-तीन मालक झाले, लिलावात निघाली, की गाडी शेवटी जंगलात यायची. सकाळी चालू व्हायचं की नाही, ते तिच्या मर्जीवर. नाही झाली की लोक बैल जुंपून तिला वामनभाऊकडे ओढून आणायचे.

वामनभाऊ बोनेटला हात लावायचा नाही. आधी मालकाला समोर बसवायचा आणि तीन सवाल करायचा. "शेवटची चालू कवा होती? चालवत कोन होतं? अन् मधात काय झालं?"

पहिल्या दोन सवालांना लोक खरं सांगत. तिसऱ्याला सगळे एकच उत्तर देत, "काई नाई झालं!"

बिमारी सापडली की वामनभाऊ खडू घेऊन गॅरेजच्या निळ्या पत्र्याच्या दारावर लिहायचा. कोणाची गाडी आणि काय झालं होतं, बस. पुढची गाडी येईपर्यंत ते पुसायचं नाही. एसटीतून उतरणारा प्रत्येक माणूस आधी दार वाचायचा आणि मग पान खायचा.

अशाच एका उन्हाळ्यात वामनभाऊची पोरगी सुनंदा बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलं लेकरू गेलं होतं. दिवस भरायच्या आधीच कळा सुटल्या, गावचा डॉक्टर सुट्टीवर, आणि ट्रकमधून चंद्रपूरला नेता नेता रस्त्यातच सारं संपलं. म्हणून या खेपेला वामनभाऊची बायको शेवंताबाई गॅरेजच्या बाजूच्या ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन बसायची, आणि तिचे डोळे तांदळावर कमी, समोरच्या सरकारी दवाखान्याच्या दारावर जास्त असायचे.

*

शाळेच्या गुरुजींनी राजुऱ्याहून जुनी गाडी आणली. दोन दिवस मस्त चालली. तिसऱ्या दिवशी सकाळी मुकी!

वामनभाऊनं तीन सवाल केले. गुरुजी म्हणाले, "काई नाई झालं. काल आमावस्या होती, पूजा केली फक्त."

"कशाची पूजा?"

गुरुजींची बायको सोबत होती. ती म्हणाली, "इंजिनाची. लोक चाकाले पानी वाहते, पन गाडी वढते कोन? इंजिनच ना! मंग मी बोनेट उघडून त्यालेच पाच तांबे घातले."

वामनभाऊनं डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डबीची, टोपी काढली. आत पाणी. टोपी फडक्यानं कोरडी केली, परत बसवली, गाडी चालू. दारावर लिहिलं, 'गुरुजीची गाडी. आंघोळ झाली होती.'

जाताना बाईंनी विचारलं, "मंग पुढच्या आमावस्येले काय करू, भाऊ?"

"दुरून हात जोडा, बाई. थे मानून घेते!"

*

बांबूच्या ठेकेदाराची लिलावातली जीप अशीच ओढून आणली. रस्त्यात पेट्रोल संपलं, सीटखाली कॅन होता तो ठेकेदारानं स्वतःच्या हातानं टाकीत ओतला आणि तेव्हापासून जीप हलेना. तिचा ड्रायव्हर बापू बाजूला उभा राहून नुसता टाकीकडे पाहत होता.

"मधात काय झालं, बापू?"

"काई नाई झालं."

वामनभाऊ टाकीच्या तोंडाशी वाकला, वास घेतला आणि सरळ उभा राहिला. "ठेकेदारसाहेब, पेट्रोल नाई हे. मोहाची आहे! पह्यल्या धारेची."

बापूनं ती कॅनमध्ये लपवून सासुरवाडीला चालवली होती. ठेकेदार शिव्यांवर आला. वामनभाऊनं शांतपणे टाकीखालचा बोल्ट ढिला केला. धार सुटली, तसा बापू धावत गेला आणि माझ्या दुकानातून जर्मनचं भगोनं घेऊन आला.

"अबे, पेट्रोल मिसळलं आहे त्यात!"

"थोडंसंच असन ना, भाऊ!"

'ठेकेदाराची जीप. पिली होती.' हे दारावर आठ दिवस राहिलं. बापूला लोक तब्येत विचारायचे आणि जीपलाही.

*

आता माझं सांगतो. लपवून काय करू, दारावर तर आलंच होतं.

एका माणसाची बॅटरी मी दिवसभर चार्जिंगला लावली. संध्याकाळी त्याला दिली. "फुल आहे, बिनधास्त जा." सकाळी तो गाडी ढकलत वामनभाऊकडे हजर! वामनभाऊनं गाडी सोडली आणि मलाच समोर बसवलं.

"मधात काय झालं, रज्जाकभाई?"

"काई नाई झालं."

"काल लाइन होती?"

मी बाकड्याकडे पाहिलं. दहा वाजता लाइन गेली होती आणि पाचला आली. मला ते मागाहून कळलं, कारण तेवढा वेळ मी बाकड्यावर आडवा होतो.

त्यानं लिहिलं, 'गाडीत काही नाही. बॅटरीवाला झोपला होता.' मी तापलोच. "भाऊ, शेजारी आहो मी तुमचा! एका ताटात जेवतो आपण!"

"म्हनून तं बारीक अक्षरात लिवलं."

दुपारी तो जेवायला गेला तेव्हा मी ते पुसलं. जेवून आला आणि हातभर अक्षरात परत लिहिलं. त्यानंतर मी त्या दाराच्या वाटेला गेलो नाही. लाइन गेली की मात्र उठून बसायला लागलो.

*

ठेकेदाराला आता धास्ती बसली की बापू जीप घेऊन परत सासुरवाडीला जाईल. चाव्या तर बापूला लागतच नव्हत्या, तो वायरी जोडूनच चालू करायचा. वामनभाऊनं ठेकेदाराला तोड सांगितली. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली रोटर असतो, अंगठ्याएवढा काळा तुकडा. गाडी उभी केली की तो काढून खिशात टाकायचा आणि टोपी परत लावून द्यायची. वरून काही दिसत नाही, आणि कोणाच्या बापाला गाडी चालू होत नाही.

चार दिवसांनी ठेकेदार धापा टाकत आला. "बापूनं रोटर चोरला! पोलिसात देतो त्याले!"

"बसा. शेवटची चालू कवा होती?"

"काल. पंचायतीत गेल्तो, मीटिंगले. उतरलो, तुम्ही सांगितल्यावानी रोटर काढला..."

"अन् ठेवला कुठी?"

ठेकेदाराचा हात आपोआप कमरेच्या पानाच्या चंचीकडे गेला. चंची त्यानं ओट्यावर उलटी केली. सुपारी, चुना, कात आणि मधात रोटर. त्याच्यावर दातांचे ठसे!

तेव्हा कुठे त्याला आठवलं. "सरपंच म्हनत होता खरा, तुमची सुपारी लय कडक आहे म्हनून!"

शेवंताबाई सूप बाजूला ठेवून हसली. बऱ्याच दिवसांनी तिला हसताना पाहिलं. रोटर हातात घेऊन उलटासुलटा करत तिनं विचारलं, "एवढुसा तुकडा? अन् याच्याबिगर एवढी मोठी गाडी हालत नाई?"

"नाई हालत," वामनभाऊ ऐटीत म्हणाला. "ज्याले माहीत नाई, तो दिवसभर शोधन तरी सापडन नाई."

"अस्सं!" म्हणत ती परत तांदूळ निवडायला लागली.

*

सिरोंच्याकडून एक ड्रायव्हर आला. त्याला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं आणि वामनभाऊला तेलुगूतलं काहीच येत नव्हतं. पण तीन सवालांशिवाय बोनेट उघडायचं नाही म्हणजे नाही!

शेवटी वामनभाऊनं गाडीचा आवाज काढून दाखवला. "घुर्र, खों खों, फुस्स?" ड्रायव्हरनं मान हलवली. "खों, खों, खों, ठक!" वामनभाऊनं परत केला, ड्रायव्हरनं दुरुस्त केला. दोघं समोरासमोर उकिडवे बसून खोकत होते आणि मी मध्ये चहा घेऊन उभा.

तेवढ्यात दवाखान्यातले नवे डॉक्टर रस्ता ओलांडून आले. नागपूरचे, तरणे, स्वभावानं सरळ. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "खोकला किती दिवसांपासून आहे?"

गाडीचा चोक अडकला होता, तो मोकळा झाला. डॉक्टर मात्र तिथेच थांबले. शेवंताबाईनं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि लगेच विचारलं, "साहेब, तुमी सुट्टीवर कवा जाता?"

"आत्ताच तर आलोय, बाई!"

"तसं नाई. माहीत असलेलं बरं."

*

आणि मग डॉक्टरांची गाडी.

त्यांनीही एक जुनी गाडी घेतली होती. नागपूरला त्यांच्या बहिणीचा साखरपुडा होता, रविवारी. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी गाडी गॅरेजमध्ये आणली. "मिस्त्री, हवा-पाणी बघून ठेवा. उद्या दहाला निघतो, सोमवारी परत."

शेवंताबाई ओट्यावरून उठली. "साहेब, पोरीचे दिवस भरत आले."

"आठ दिवस आहेत अजून. कालच तपासलं मी."

"मागच्या टाइमले बी आठ दिवसच होते."

डॉक्टरांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. पण सख्खी बहीण, एकुलती एक. "नर्सबाई आहेत ना," ते म्हणाले. शेवंताबाई सूप उचलून आत गेली. वामनभाऊनं दिवे लागायच्या आत गाडी तयार केली आणि मला आवाज दिला, "पाहा, रज्जाकभाई, एका हाकेत उठते!" उठली. खणखणीत.

शनिवारी दहाला डॉक्टर सूटकेस घेऊन आले. चावी फिरवली. इंजिन फिरतंय, पण पकडत नाही. परत फिरवली. नाही म्हणजे नाही!

नाक्यावरची सगळी माणसं जमली. वामनभाऊ सवयीनं तीन सवाल करायला गेला आणि मध्येच थांबला. शेवटची चालू कवा होती? काल संध्याकाळी. चालवत कोन होतं? तो स्वतःच. मधात काय झालं? या सवालाला त्यानं मान वळवून ओट्याकडे पाहिलं. शेवंताबाई खाली मान घालून तांदूळ निवडत होती. एकदाही वर पाहिलं नाही.

वामनभाऊनं बोनेट उघडलं. प्लग पाहिले नाहीत, पेट्रोल पाहिलं नाही. सरळ डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. मी शेजारीच होतो. आतली रोटरची जागा रिकामी होती.

त्यानं टोपी परत लावली, बोनेट हळूच बंद केलं.

"साहेब, गाडी आज हालत नाई."

"काय बिघाड आहे?"

"बिमारी समजली. पन आज सांगता येत नाई."

"म्हणजे काय, मिस्त्री? साधी गाडी आहे!"

"उद्या दारावर लिवतो, साहेब."

नागपूरची एसटी पहाटेच गेली होती. डॉक्टर चिडून माझ्या बाकड्यावर बसले, बाजूला सूटकेस. मी चहा मागवला, त्यांनी घेतला नाही. इतक्या वर्षांत वामनभाऊनं बिमारी लपवलेली मी पहिल्यांदा पाहिली. मला भीती वाटत होती, कशाची ते माझं मलाच नीट सांगता येत नव्हतं.

दुपारी तीनला सुनंदाला कळा सुटल्या.

डॉक्टर सूटकेस तिथेच टाकून धावले. नाळेचे मानेभोवती दोन वेढे होते, लेकरू निळं पडलं होतं, रडत नव्हतं. हे आम्हाला मागाहून कळलं. बाहेर आम्हाला फक्त डॉक्टरांचा आवाज येत होता आणि नंतर तोही बंद झाला. वामनभाऊ दवाखान्याच्या पायरीवर बसून एक पाना पुसत होता. पाना स्वच्छच होता. मग रडणं ऐकू आलं, बारीक पण हट्टी. मीही रडलो, खोटं काऊन बोलू?

डॉक्टर घामाघूम होऊन बाहेर आले आणि पायरीवर टेकले. "दोघी ठीक आहेत. चंद्रपूरपर्यंत नसती टिकली ती," एवढंच बोलले.

रविवारी सकाळी ते गॅरेजमध्ये आले. शेवंताबाईनं त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला. मग पदराची गाठ सोडली आणि बशीत रोटर ठेवला. डोळे सरळ डॉक्टरांकडे होते.

डॉक्टरांनी बशीकडे पाहिलं, शेवंताबाईकडे पाहिलं. चहा पूर्ण प्यायले. मग बशी वामनभाऊपुढे सरकवली. त्यानं रोटर पुसून बसवला, चावी फिरवली. एका हाकेत उठली!

आता सगळा नाका दाराकडे पाहत होता. खोटं तर त्या दारावर कधी आलंच नव्हतं. आणि खरं लिहावं, तर शेवंताबाईचं नाव साऱ्या मुलखानं वाचलं असतं.

"लिहा, मिस्त्री," डॉक्टर म्हणाले. "मी वाचूनच जाणार."

वामनभाऊ खडू घेऊन बराच वेळ दारासमोर उभा राहिला. दवाखान्यातून रडण्याचा आवाज आला तसं त्यानं हातभर अक्षरात लिहिलं, 'डॉक्टरसाहेबाची गाडी. नातनीसाठी थांबली होती.'