हिरा न्हाई म्हणाली

"मावशी, अण्णांच्या पाया पडा आणि विषय संपवा."

असं मॅडम म्हणाल्या. आत ऑफिसात नाही, बाहेर हॉलमध्ये. आमच्या पोरी सतरंजीवर बसून पिशव्यांत नटबोल्टचे वॉशर भरत होत्या. अण्णा खुर्चीत बसला होता, पाय पुढं पसरून, बूट घालूनच. माझ्या धाकट्या लेकाच्या वयाचा माणूस. माझे गुडघे गेलेत, उठताबसताना भिंत धरावी लागते मला. तरी वाकले. बुटाला हात लावला, तोच हात कपाळाला लावला.

"असू दे, असू दे," अण्णा म्हणाला. "अडाणी बाई आहे, गेली बोलून."

तेवढ्यात मागं खुडबुड झाली. वळून बघते तर सगळ्या पोरी उठलेल्या. रांग लावलेली. हिरा सगळ्यांत पुढं. माझ्यासारखाच गुडघ्यावर हात टेकून, माझ्यासारखीच कण्हत ती वाकली. कण्हणंसुद्धा उचललं होतं माझं. आणि त्याच्या बुटावर तिनं डोकं टेकवलं.

ज्याच्याबद्दल मी तक्रार केली होती, त्याच्याच बुटावर.

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही. माझी ही सवयच आहे, शेवटाकडून सुरू करायची.

मी मूळची दापोडीची. मालक गेल्यावर लेकाकडं कुरुळीला आले. लेक महाळुंग्याला कंपनीत आहे. शाळा मी पाहिली नाही, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं जुळवली. कुरुळीत कंपन्यांच्या मागच्या गल्लीत या पोरींची ही संस्था आहे, मॅडम चालवतात ती. एका अंगाला कामगारांच्या खोल्या, दुसऱ्या अंगाला ट्रेलर उभे करायचं मैदान. तिथं मी स्वयंपाकाला लागले आणि हळूहळू सगळ्यालाच लागले. न्हाऊमाखू घालणं, दुखलंखुपलं बघणं, रुसवे काढणं.

पोरी म्हणते मी, पण पोरी नाहीत त्या. बायका आहेत. राणीचे केस पिकलेत. शमीमला चष्मा लागलाय. अंग वाढलं, बुद्धी मात्र आपल्या चालीनं चालते. लोक मतिमंद म्हणतात. पाटीवर आता दुसरा चांगला शब्द लिहिलाय, पण लोक तेच म्हणतात.

त्यांना सांगून काही येत नाही. करून दाखवावं लागतं. मी दात घासले की त्या घासणार. मी पदर खोचला की त्या ओढणी खोचणार. संस्थेची रीतच ती, मावशीचं बघायचं आणि करायचं. कंपन्यांची माणसं फळं वाटायला येतात, तेव्हा मी हात जोडते, पाया पडते, की झालं, सगळी रांग पाया पडते. पाहुणे खूश होतात. किती गुणी आहेत म्हणतात. फोटो काढतात.

मला वाकायला कुणी शिकवलं? कुणीच नाही. माझी आई वाकायची, मी बघायची.

तर हिरा. तिशीची असेल. गोरी, गोल तोंडाची, उजवा पाय जरा ओढत चालते. आईबाप नाहीत. अण्णा तिचा चुलतभाऊ. कंपन्या आल्या तेव्हा यांच्या घराला बरकत आली. संस्थेची जागा त्याची, बोअर त्याची, कार्यक्रमात स्टेजवरची खुर्चीही त्याचीच. दिवाळीत भाऊबीजेला तो मोठ्या गाडीतून हिराला न्यायला यायचा. बाकीच्यांना न्यायला कुणी येत नाही. त्या दिवशी त्या खिडकीच्या गजांना तोंड लावून उभ्या राहायच्या. आम्ही म्हणायचो, हिरा नशिबाची. मीच तिला तेल लावून न्हाऊ घालायची, गजरा माळायची, बांगड्या भरायची.

गेल्या दिवाळीला ती परत आली ती वेगळीच. दंडावर बोटांचे वळ. मोरीचं दार लावू देईना. परकरावर परकर घालायला लागली, उकडत असलं तरी. दूधवाला आला तरी कोपऱ्यात जाऊन अंग चोरायची आणि पुटपुटायची, "हो, हो, हो."

हिरा सगळ्यालाच हो म्हणते. म्हणायची. जेवली का, हो. जेवायचंय का, हो. जवळ बसवून मी विचारलं, "कुनी मारलं गं?" हो म्हणाली. "अण्णानं?" हो. "मी मारलं?" हो.

आता काय करायचं सांगा.

तरी मी मॅडमकडं गेले. वळ दाखवले. मॅडमनी अण्णाला बोलावून घेतलं. तो आला, खुर्चीत बसला आणि सगळ्यांसमोर त्यानं हिराला विचारलं, "हिरे, मी त्रास देतो तुला?"

"हो."

"मॅडम त्रास देतात?"

"हो."

"तू माकड आहेस?"

"हो."

वॉचमन हसला. शमीम हसली, सगळे हसतात म्हणून. हिराही हसली. मग मॅडम मला म्हणाल्या ते मी सुरुवातीलाच सांगितलंय.

त्या दिवशी भाकऱ्या थापताना हात चालेना. अपमानाचं मला नवीन काही नाही हो, आख्खा जन्म त्यातच गेला. पण हिराचं ते कण्हत वाकणं डोळ्यांपुढून हलेना. मला एकच दिसत होतं. या बाईजवळ स्वतःला वाचवायला एकसुद्धा शब्द नाही. आपण गुणी म्हणत, शहाणी म्हणत तिचा तो शब्दच उपटून टाकलाय. दार लावतो, गॅसजवळ जाऊ देत नाही, औषध वेळेवर देतो, आणि म्हणतो की सांभाळतो. पण कुणी हात धरून चल म्हणालं की ती चालणार. तसंच शिकवलंय.

शिकवायचं तर कसं? ते मला चाकणच्या चौकात सापडलं. पोरींना दवाखान्यात तपासणीला व्हॅनमधून घेऊन चाललो होतो, ट्राफिकमध्ये अडकलो. पुढं ट्राफिक पोलीस उभा, हडकुळा. त्यानं नुसता पंजा वर केला आणि भलाथोरला ट्रेलर कचकन थांबला. शमीमनं टाळ्याच वाजवल्या. मग सगळ्यांनी पंजे वर केले, व्हॅनभर.

दुसऱ्या दिवशी मी कारल्याची भाजी केली. राणीला म्हटलं, वाढ मला. तिनं डाव पुढं केला तसा मी पोलिसासारखा पंजा धरला. "न्हाई."

राणी दचकली. मावशी कधी नाही म्हणत नाही ना. मग हसत सुटली. तिनंही पंजा धरला. "न्हाई." शमीमनं धरला. हिरानं पंजा धरला, म्हणाली "हो", आणि तोंड वाकडं करत सगळी भाजी संपवली.

पुष्कळ दिवस तसंच. पंजा वर आणि तोंडात हो. माझा धीर सुटायला आला होता. एकदा तिचे केस विंचरत होते. गुंता होता, मी जरा ओढलं. तिनं मान वळवली, पंजा माझ्या तोंडापुढं आणला आणि म्हणाली, "न्हाई."

मी कंगवा खाली ठेवला.

दिवसभर ती झिंज्या सोडून फिरली. मॅडम म्हणाल्या, हा काय अवतार? मी म्हटलं, ती न्हाई म्हणाली. पुढं तर संस्थेत नुसता न्हाईचा बाजार. आंघोळ न्हाई, वॉशर न्हाई, राणीला तर झोपसुद्धा न्हाई. वॉशरवाल्या सप्लायरचा फोन आला, काम का अडलंय म्हणून. मॅडम माझ्यावर कावल्या. आणि मी भाकऱ्या थापता थापता गाणी म्हणत होते, खरं सांगते.

मग एक दिवस मॅडमसमोरच हिराला विचारलं. कारलं? न्हाई. चहा? हो. केस विंचरू? हो. अण्णाकडं जायचं?

हिरानं दोन्ही पंजे वर केले. तोंडातून शब्द नाही. नुसते दोन पंजे.

 मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, जागा त्यांची आहे. उद्या निघा म्हणाले तर या सगळ्यांना घेऊन मी कुठं जाऊ?"

खोटं नव्हतं ते. म्हणूनच मला राग करता येईना. मी कंगवा उचलला आणि हिराचे केस विंचरायला घेतले.

गावची यात्रा आली. अण्णाची गाडी दारात उभी राहिली. देवदर्शनाला नेतो म्हणाला, कुलदैवत आहे, घरच्या लेकीनं यायलाच पाहिजे. मॅडमनी मला हिराची पिशवी भरायला सांगितली. मी भरली नाही. हिरा पायऱ्यांवर बसली होती. अण्णा तिच्यासमोर येऊन उभा राहिला, "चल."

हिरानं पंजा वर केला. "न्हाई."

मी सगळ्या गोष्टी विसरेन, हे विसरणार नाही. आवाज बारीक होता. पण शब्द सबंध होता.

अण्णा हसला. "आता हे कुणी शिकवलं माकडाला?" म्हणाला, आणि तिचा दंड धरला. तोच दंड. हिरा उठली. पाय ओढत दोन पावलं चालली, पंजा वरच. ट्रेलर थांबतो हो. माणूस थांबत नाही.

मी फाटकात जाऊन उभी राहिले.

"मावशी, बाजूला व्हा," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई."

"मावशी, पाया पडते तुमच्या."

"न्हाई. कुनी कुनाच्या पाया पडायचं न्हाई आता. ती न्हाई म्हणलीया. तुमी ऐकलंय, मी ऐकलंय."

मागं बघितलं तर पोरी पायऱ्यांवर उभ्या होत्या. राणी, शमीम, सगळ्या. सगळ्यांचे पंजे वर. समोरच्या खोल्यांतले सेकंड शिफ्टचे कामगार डबे घेऊन निघालेले, ते थांबून बघायला लागले. अण्णानं त्यांच्याकडं बघितलं आणि हिराचा दंड सोडला. गाडीत बसताना मॅडमला एवढंच म्हणाला, "आधी या बाईचं बघा. मग बोलू."

मला त्याच दिवशी काढलं. मॅडम रडल्या, पण काढलं.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. संपलं नाही. यात्रेनंतर वॉचमन किराण्याच्या दुकानात भेटला. खाली मान घालून म्हणाला, "मावशी, नेलं हिराला. आणून सोडलंय परत. जेवत न्हाई."

मी तशीच चौकीत गेले. बाकड्यावर बसवून ठेवलं. मग हवालदारानं सगळं ऐकलं, चहाही पाजला. शेवटी विचारलं, "मावशी, तुम्ही तिच्या कोण?"

मला उत्तर आलं नाही. आई नाही, मावशी नाही, आता नोकरसुद्धा नाही. तो म्हणाला, घरच्यांचा मामला आहे, संस्थेची तक्रार नाही, ती मुलगी तर अशी. मी उठले. आणि बघा सवय कशी असते, निघताना त्याला वाकून नमस्कार करायला लागले. अर्ध्यातच पाठ थांबली. तशीच सरळ झाले आणि बाहेर आले.

आता रोज सकाळी जनरल शिफ्टच्या बस जायच्या वेळी मी संस्थेच्या भिंतीजवळून जाते. फाटक उघडत नाहीत माझ्यासाठी. हिरा खिडकीत असते कधी. काल मला बघून तिनं हात वर केला नाही. हात खालीच होते. परत हो म्हणायला लागली असेल का, या भीतीनं मला घास जात नाही.

पण मला त्या हवालदाराचं उत्तर सापडलंय. उद्या चौकीत जाते. तिथं नाही ऐकलं तर पिंपरीला पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडं जाते, तिथं नाही तर कोर्टाच्या दारात. ते विचारणारच, तुम्ही तिच्या कोण. मी सांगणार, मी साक्षीदार हाय. हिरा न्हाई म्हणाली तेव्हा मी तिथं होते. तिचं न्हाई मी माझ्या कानांनी ऐकलंय आणि आता ते तुमाला ऐकावं लागंल.

बस म्हणाले तर बसेन. जा म्हणाले तर जाणार न्हाई. आणि वाकणार तर न्हाईच. माझं बघून शिकणारी माणसं हायेत.