सात वायसर

बाबांचं गॅरेज म्हणजे पांढुर्ण्याहून सौसरला जाणाऱ्या रस्त्यावर एक टिनाचं छप्पर आणि कडुलिंबाचं झाड. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा पंक्चर काढायला आलेल्या माणसालाही बाबा आधी माझा निकाल सांगत आणि मग ट्यूब पाण्यात बुडवत.

त्याच आठवड्यात मोहगावच्या एका संत्रा व्यापाऱ्याचा ट्रक आला. त्यांच्या वडिलांच्या वेळचा, पुढे लांब नाक असलेला. धंद्याला तो आता निघत नसे, पण वर्षातून एकदा सगळं घर त्यात बसून जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाई. डायनामोची पुल्ली घासून गेली होती. बाबांनी पट्टा उतरवला, पुलर म्हणजे पुल्ली ओढायचं अवजार लावलं आणि पाव-पाव फेऱ्याने ती ओढून काढली. "हातोडा मारशीन तं फुटते, बिडाची हाय," ते म्हणाले. बीड म्हणजे ओतीव लोखंड.

त्या पुल्लीच्या दांड्यावर सात वायसर होते, कमीजास्त जाडीच्या लोखंडी चकत्या. चार पुल्लीच्या मागे, तीन पुढे. पुल्ली किती आत बसायची ते त्यांच्यावर ठरायचं. खालची, पंख्याची आणि डायनामोची, तिन्ही पुल्ल्या एका रेषेत आल्या तरच पट्टा सरळ धावतो. बाबा चौथी शिकलेले. निघाल्या क्रमाने त्यांनी ते दोऱ्यात ओवले, चौथ्यानंतर गाठ मारली आणि जेवायला गेले.

मला मदत करायची होती. वायसर काळेकुट्ट झाले होते. मी दोरा कापला, सातही रॉकेलमध्ये धुतले आणि चकचकीत पुसून पेपरवर मांडले. तेव्हा कळलं की कोणता कुठला ते आता मला सांगता येणार नाही. मी विचार केला, जाड ते मागे असणार. तसे ओवले, चौथ्यानंतर गाठ मारली.

बाबा आले, तेव्हाच सांगता आलं असतं. पण त्यांनी तो दोरा उचलून व्यापाऱ्यांना दाखवला. "पाहा शेठ, शिकल्या हाताचं काम." त्यानंतर माझं तोंड उघडलं नाही.

नवी पुल्ली बसवून ते उकिडवे बसले. खालच्या पुल्लीपासून वरच्या पुल्लीपर्यंत सूत ताणलं. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. बराच वेळ पाहत राहिले.

"जरासं तिरकं दिसून राह्यलं."

मी माझं टोक आणखी ताणलं.

"वायसर तं जागेवरच हायत," ते स्वतःशीच म्हणाले. "माहे डोयेच गेले वाटते. तू पाह्य, माय."

मला तिरकंच दिसत होतं. मी म्हटलं, "सरळ हाय, बाबा."

दोन दिवसांनी जामसांवलीच्या वाटेवर पट्टा निसटला, इंजिनाचं पाणी उकळलं आणि व्यापाऱ्यांचं सगळं घर उन्हात चालत देवळात गेलं. व्यापारी रागावले नाहीत. परत आले तेव्हा हसत म्हणाले, "काका, मारुतीनं आमाले पायीच बलावलं होतं. आता तुमी आराम करा." बाबाही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुलर पुसून खुंटीला टांगला. मग फक्त पंक्चर आणि हवा. इंजिनाचं काम घेऊन कोणी आलं तर म्हणत, "डोया धोका देते. लोधीखेड्याले जा."

मी सौसरला शिक्षिका झाले. बाबांनी माझ्या फीसाठी किती पुल्ल्या ओढल्या असतील, हे वर्गात उभी असताना पुष्कळदा मनात येतं, आणि त्यामागून ते सूत येतं.

या वर्षी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पण आत्ताच सुरू झालेला. बाबा म्हणाले, "नाही साहेब, सहा वर्षं झाले. ट्रकच्या वक्तीच समजलं मले."

बसस्टँडच्या बाकावर मी त्यांना सगळं सांगितलं.

ते खाली पाहत ऐकत होते. मग विचारलं, "जाडे सगळे मांगं टाकले?"

"हो."

"म्हंजे पुल्ली बाहीर आली. म्हंजे सूत तिरकंच होतं." त्यांनी मान वर केली. चेहरा उजळला होता. "म्हंजे मले बरोबर दिसत होतं."

"हो, बाबा."

"बरोबर दिसत होतं," ते पुन्हा म्हणाले. मग म्हणाले, "तवाच सांगतलं असतं तं दहा मिनिटाचं काम होतं, माय."

बस आली. त्यांचा हात धरून मी त्यांना चढवलं, खिडकीशी बसवलं. गाडी सुटल्यावर त्यांनी विचारलं, "दुसरं टोक तुह्या हातात होतं. तुले दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

त्यांनी मान हलवली. पांढुर्णा येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते.