काकाजी आणि नागपूरची विमानं

"तोंड दाखवून बोल न, पोरी. तुही पाठ मले काय सांगते?"

काकाजींच्या अंगणात बोलत बोलत शिरलं की हे ऐकावंच लागायचं. आपण बोलता बोलता फाटकाची कडी लावायला वळायचो किंवा चप्पल काढायला वाकायचो, आणि ते दोन बोटांनी हवेतच आपली हनुवटी उचलल्यासारखं करायचे. मग आपण चेहरा वर करून पुन्हा पहिल्यापासून सांगायचं.

काकाजी ठार बहिरे होते. हिंगणघाटच्या एका कापड मिलमध्ये मागावर उभं राहण्यात त्यांची उमर गेली होती. "जिंदगी मिलले देल्ली, कानं वरून देल्ले," असं ते हसत सांगायचे. मागांच्या खडखडाटात कोणालाच कोणाचं ऐकू येत नसे, म्हणून तिथले कामगार एकमेकांचे ओठ पाहून बोलत. मिल सुटली, कान गेले, पण ओठ वाचायची सवय राहिली. मुलीनं पुण्याहून कानाचं मशीन पाठवलं होतं. ते त्यांनी दोन दिवस लावलं आणि मग स्टीलच्या डब्यात घालून ठेवून दिलं. त्यातून नुसती खरखर ऐकू येते, त्यापेक्षा आपली शांतता बरी, असं त्यांचं म्हणणं.

बहिऱ्या माणसासमोर लोक बिनधास्त बोलतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. आमच्या गल्लीत मात्र उलटं होतं. काकाजी ओट्यावर बसले की पलीकडच्या नळावर भांडी घासणाऱ्या बायका पदर तोंडावर घेऊन बोलायच्या. कारण एकदा दोघीजणी तिसरीच्या सुनेबद्दल कुजबुजत होत्या, तर रस्त्याच्या या बाजूनं काकाजी ओरडले होते, "खोटं हाय ते! थे पोरगी तशी नाई!" सारी गल्ली बाहेर आली. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कधीच कळायचं नाही. त्यांची कुजबुजसुद्धा तीन घरं ऐकायची.

माझं पहिलं ठरू पाहणारं लग्नही त्यांनीच मोडलं. पाहायला आलेली मंडळी आमच्या बैठकीत बसली होती. मुलाचे वडील आणि मामा जरा बाजूला, व्हरांड्यात जाऊन बोलत होते. काकाजी समोर आपल्या ओट्यावर. मंडळी गेल्यावर ते तरातरा आमच्याकडे आले आणि माझ्या बाबांना म्हणाले, "मास्तर, पोरीची नोकरी सोडवून राह्यले थे लोकं. आता हो म्हनतीन, मंग लगन झाल्यावर घरी बसवतीन. मी डोयानं ऐकलं." बाबांनी मुलाकडच्यांना स्पष्ट विचारलं, तेव्हा ते खरं निघालं. पुढे माझं लग्न गावातच झालं. मी अजूनही शाळेत शिकवते आणि याच गल्लीत राहते.

विमानांचं वेड त्यांना कधी लागलं ते कुणालाच माहीत नव्हतं. हिंगणघाटवरून विमानं जातात ती फार उंचावरून, पांढरी रेघ ओढत. आपण आवाज आला की मान वर करतो, आणि आवाज जिथून येतो तिथे विमान नसतंच, ते पुढे निघून गेलेलं असतं. काकाजींना आवाजाची भानगडच नव्हती. ते बसल्या बसल्या आभाळ चाळत राहायचे आणि बरोबर ठिकाणी बोट नेऊन ओरडायचे, "थे पाय!" मग भाजीवाला, कुरिअरवाला, शाळेत निघालेली मी, सगळे थांबून वर पाहायचे. विमानांची नावं, कुठून कुठे जातात, यातलं त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "मले काय करायचं? वरून जाते न, बस."

एका सकाळी मी त्यांच्या अंगणात उभी होते. वरून विमान गेलं, अगदी डोक्यावरून. मी वर पाहिलं, त्यांच्या बायकोनं, काकूंनी पाहिलं. काकाजी समोरच्या भिंतीकडे पाहत चहा पीत राहिले.

 त्यानंतर मी लक्ष ठेवलं. ते दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे. बाजूनं कोणी आलं तर दचकायचे. समोरून बोललं की मात्र सगळं बरोबर कळायचं. शेवटी काकूंना आणि त्यांना घेऊन मी वर्ध्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी काकाजींना बाहेर बाकावर बसवलं आणि आम्हाला आत थांबवलं. काचबिंदू आहे म्हणाले. बराच पुढे गेला आहे. बाजूची नजर गेली, मधली थोडी उरली आहे. थेंब टाकत राहा, पण आज ना उद्या तीही जाईल. काकूंनी पदराचं टोक तोंडात धरलं. मग म्हणाल्या, "यायले सांगू नका, डॉक्टरसाहेब. कान नाईत. डोयेबी चालले म्हनून कसं सांगू?"

घरी आल्यावर काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि काकाजींनी मला ओट्यावर बोलावलं. "दवाखान्याच्या दाराले काच होती," ते म्हणाले, आणि नशिबानं तेव्हाच काकूंनी आत मिक्सर लावला होता, म्हणून त्यांना ऐकू गेलं नाही. "डॉक्टरचे ओठ लय साफ हायेत. पन तुह्या काकूले सांगू नको, मले मालूम हाय म्हून. थे रडते."

अशी मी दोघांच्या मध्ये सापडले. ती त्यांच्यापासून लपवत होती, ते तिच्यापासून लपवत होते, आणि मला दोघांकडेही सरळ चेहऱ्यानं पाहावं लागत होतं. लपवायचं काही असलं की काकू त्यांच्याकडे पाठ करून बोलायच्या. त्या दिवसांत त्यांची पाठच जास्त दिसायची.

मग पेपरात बातमी आली. नागपूरला विमानांच्या कसरती होणार होत्या, लढाऊ विमानं, हेलिकॉप्टरं, छत्रीनं उड्या मारणारे जवान. काकाजी पेपर घेऊन आमच्या घरी आले. माझ्या नवऱ्याच्या हातात तो दिला आणि म्हणाले, "गाडी तुमची, पेट्रोल माह्यं."

काकूंना कळलं तेव्हा त्या पहिल्यांदा चिडल्या. "या वयात काय विमानं पाह्यता? गर्दीत पडान कुठी." नंतर त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि पाठ करून मला म्हणाल्या, "नेजो वो माय त्याइले. पाहून घेऊ दे."

त्यानंतरचा महिना काकाजींच्या तयारीचा होता. अंगणात खडूनं मैदान काढलं. लोक इथे, विमानं इकडून येतील, ऊन तिकडून. ऊन डोळ्यांत येईल अशा बाजूला बसायचं नाही, म्हणून आपण या कोपऱ्यात. मुख्य काम माझ्याकडे होतं. मी त्यांच्या मागे उभं राहायचं. विमान उजवीकडून आलं तर उजव्या खांद्यावर थाप, डावीकडून आलं तर डाव्या, आणि थेट वरून आलं तर डोक्यावर टपली. याचा सराव आम्ही गच्चीवर केला. विमानं नव्हती म्हणून बगळ्यांवर केला. शाळेतल्या बाई म्हाताऱ्याच्या डोक्यात टपल्या मारताहेत हे पाहायला शेजारच्या गच्च्या भरल्या. "हयू मार न!" ते ओरडायचे. "विमान पाह्यचं हाय, नारय नाई फोडाचा!"

ठरलेल्या रविवारी काकू पहाटे उठून पोळ्या, आलूची सुकी भाजी, पातोड्या असं सगळं करून बसल्या. काकाजींनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, डोक्याला दुपट्टा बांधला. आणि नवऱ्याच्या फोनवर बातमी आली, की ढगाळ हवेमुळे कार्यक्रम पुढे ढकलला आहे.

मी चेहरा समोर धरून त्यांना सांगितलं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, मग काकूंकडे. "डबे भरले न? मंग चाला." ते जिन्याकडे निघाले. आम्ही चौघं गच्चीवर बसून नागपूरच्या दिशेनं तोंड करून जेवलो. काकाजी मधूनच ढगांना विचारत होते, "आता कधी?" ते आम्हाला हसवायला विचारत होते. पण काकू उठून टाकीच्या मागे गेल्या, पाणी पाहायला म्हणून, आणि बराच वेळ आल्या नाहीत.

पुढची तारीख लवकर लागली, पण तेवढ्यात त्यांची नजर आणखी आवळली होती. चहाचा कप उचलताना हात आधी बशीवर जायचा.

या वेळी आभाळ स्वच्छ होतं. मैदानात आम्ही खडूच्या नकाशाप्रमाणे कोपरा धरला. पहिल्यांदा छत्रीवाले आले. ते सावकाश उतरत होते आणि काकाजींना एकेक जण सापडला. "थे पाय! लाल! थे पाय, झेंडा!" कितीतरी दिवसांनी त्यांचं बोट वर गेलं होतं. आजूबाजूची माणसं हसून त्यांच्या बोटाच्या दिशेनं पाहत होती. हेलिकॉप्टर आलं, तेही एका जागी थांबलं म्हणून दिसलं.

मग लढाऊ विमानं आली. मी उजव्या खांद्यावर थाप मारली. ते वळेपर्यंत विमान डावीकडे. डाव्या खांद्यावर मारली, तर ते वर. सगळा सराव फुकट गेला. ते मान फिरवत राहिले, गर्दी टाळ्या वाजवत राहिली.

"गेलं का?" त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं.

"गेलं, काकाजी."

"आणखी येईन न?"

"येईल."

पुढचंही तसंच निसटलं. तेव्हा ते माझ्याजवळ वाकले आणि त्यांच्या मते अगदी हळू आवाजात म्हणाले, "तिले सांगू नको, पोरी. पन डोयाची खिडकी लय लहान झाली. डॉक्टर म्हने तसंच होऊन राह्यलं."

पुढच्या चार रांगांनी वळून पाहिलं. आणि त्यांच्याच शेजारी डब्यांची पिशवी धरून उभ्या असलेल्या काकूंनीही. त्यांच्या हातातून पिशवी खाली आली. त्या काही बोलणार, तेवढ्यात ते विमान आलं.

ते किती खाली होतं ते मला सांगता येणार नाही. मी थाप मारायची विसरले. आधी ते दिसलं आणि मग आवाज कोसळला. सगळ्या मैदानानं कानांवर हात घेतले, पोरं रडायला लागली. पायाखालची माती थरथरत होती. काकाजी मात्र हात खाली सोडून ताठ उभे होते. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"आला!" ते ओरडले. "आवाज आला वो! ऐकू आला मले!"

त्यांनी काकूंचा हात ओढून आपल्या छातीवर दाबून धरला. "पाय, अजून हाय. इथी हाय." काकू रडत होत्या. "अवो, भेली काऊन? विमान होतं थे."

काकूंनी दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला, अगदी स्वतःसमोर आणला, आणि सावकाश, एकेक शब्द दाखवत विचारलं, "तुमाले मालूम होतं?"

 काकाजींनी होकारार्थी मान हलवली.

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"तू सांगतलं का मले?"

भर गर्दीत ती दोघं एकमेकांकडे पाहत उभी राहिली. मी आणि माझा नवरा उगाच पिशवी उचलण्यात गुंतलो. मग काकूच म्हणाल्या, "आता काही लपवायचं नाई." ते म्हणाले, "नाई." आणि पुढचं विमान आलं तेव्हा विमानं पाहायला म्हणून महिनाभर तयारी करून आलेल्या त्या माणसानं डोळे मिटून घेतले. शेवटपर्यंत ते तसेच उभे होते, डोळे मिटून, काकूंचा हात धरून. मी पुन्हा खांद्यावर थाप मारली नाही.

परतताना बुटीबोरीपुढे अंधार पडला. अंधारात काकाजींचं जग बंद व्हायचं, ओठ दिसायचे नाहीत, म्हणून उजेड नसला की त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. गाडीत मागच्या सीटवर ते एकटेच बडबडत होते, आवाज कसा आला, कुठून आला. जाम जवळ आलं तशी काकूंनी त्यांचा तळवा ओढून घेतला आणि त्यावर बोटानं काहीतरी लिहिलं. काकाजी थबकले.

"पुन्हा लिही."

काकूंनी पुन्हा लिहिलं.

"भू... क. भूक!" ते एवढ्यानं ओरडले की माझ्या नवऱ्यानं ब्रेक दाबला. "लागली न! पन ऊ दीर्घ पाह्यजे, तू ऱ्हस्व काढला!"

जामच्या चौकात आम्ही पोळी-भाजी खाल्ली, वर चहा घेतला. चौथीपर्यंत शिकलेल्या काकूंनी घरी येईपर्यंत त्यांच्या तळव्यावर काय काय लिहिलं कोण जाणे. काकाजी मधूनच मोठ्यानं हसत होते.

पुढच्या काळात त्यांची नजर पूर्ण गेली. काकू दुपारी ओट्यावर त्यांच्याजवळ बसायच्या आणि गल्लीतली सगळी बातमी तळव्यावर लिहायच्या. कोणाकडे पाहुणे आले, भाजी काय भाव मिळाली, मुलीचा पुण्याहून काय निरोप आला. काकाजी प्रत्येक गोष्टीवर मोठ्यानं मत द्यायचे, त्यामुळे काकू काय लिहिताहेत हे सगळ्या गल्लीला कळायचं. मीही लिहायला शिकले. माझं अक्षर फार घाईचं आहे अशी त्यांची तक्रार होती.

मागच्या हिवाळ्यात काकाजी गेले. आठवडाभर ताप आला आणि एका दुपारी श्वास थांबला.

परवा शाळेतून येताना मी काकूंकडे डोकावले. त्या ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या. मी शेजारी बसले. त्यांनी बोलता बोलता माझा हात मांडीवर घेतला. गुडघा दुखतो म्हणाल्या, मुलगी पुण्याला ये म्हणते म्हणाल्या, आता तिथे जाऊन काय करू म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता. मला सगळं नीट ऐकू येत होतं. तरी त्यांचं बोट माझ्या तळव्यावर फिरत होतं, एकेक अक्षर सावकाश काढत, आणि ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. घरी कामं पडली होती. पण त्यांचं सांगून होईपर्यंत मी हात तसाच उघडा ठेवला.