यंदाचं की गेल्या वर्षीचं

अमेरिकेत सनीव्हेलला लेकीकडे राहत होते तेव्हाची, दोन हजार चारच्या नोव्हेंबरातली गोष्ट. लेक आठवडाभर कंप्युटरपुढे आणि शनिवारी समुद्रकाठच्या प्राण्यांच्या दवाखान्यात फुकट राबायला. घरी एकटी बसून मी तरी काय करणार, म्हणून मीही जायची. माशांच्या बादल्या धुवायची. जन्माची शाकाहारी मी, पण वासाची सवय होते हो.

एकदा तिथे सी लायनचं, म्हणजे समुद्रसिंहाचं, पिल्लू आणलं. नुसत्या बरगड्या. लेक म्हणाली, "आई, ग्लोव्हज घाल आणि टेपचं शेपटीकडचं टोक धर."

"पोराची उंची मोजू नये, वाढ खुंटते."

"मला मोजलं होतंस वाटतं."

"तू बाबांवर गेलीस. त्यात टेपचा काय दोष."

हसली. माप घ्यायचं ते वय कळायला. ही पिल्लं सगळी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच जन्मतात, म्हणजे प्रश्न एवढाच, यंदाचं की गेल्या वर्षीचं. गेल्या वर्षीचं असेल तर आईपासून सुटलेलं, मासे धरायला शिकलेलं. जरा खाऊपिऊ घातलं की परत समुद्रात. यंदाचं असेल तर अजून दुधावरचं, आणि आई कुठून आणायची? उपाशी जिवाच्या वजनावरून काही कळत नाही, म्हणून नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी बघायची.

लांबी नेमकी अधलीमधली आली. यंदाच्याला जास्त, गेल्या वर्षीच्याला कमी.

"गेल्या वर्षीचंच आहे, उपासमारीनं खुंटलंय," लेक म्हणाली.

"किंवा यंदाचं, पण अंगानं थोराड," असं तिथली म्हातारी डॉक्टरीण तिच्या इंग्रजीत म्हणाली.

लेकीनं पुन्हा टेप लावला. "आई, ताणून धर ना." धरला. टेप ताणला म्हणून पिल्लू थोडंच ताणलं जातं.

पुढच्या शनिवारी तिनं मासा पुढे केला. आठवडाभर त्याला नळीनंच भरवत होते. त्यानं मासा हुंगला, तोंडात घेतला, सोडून दिला. मग तिच्या रेनकोटची बाही तोंडात धरून चोखायला लागलं. मी बघितलं, तिनंही बघितलं.

"आजारी आहे गं, भूक मेलीये त्याची," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो, असेल." बाही मात्र तिनं सोडवून घेतली नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी पोचलो तर ते पहाटेच गेलं होतं. गेलेल्याचंही माप घेतात तिथे, रीतच आहे. मी शेपटीकडचं टोक धरलं. या खेपेला वळवळ नाही, कसं सरळ पडलेलं. आकडा तोच आला, एका बोटानंही पुढे नाही.

परतताना गाडी लेक चालवत होती, एका सिग्नलला थांबली. मग म्हणाली, "आता दात बघून नक्की वय सांगतील."

"सांगतील. पण ते कळून काय करशील?"

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. मागच्यानं हॉर्न दिला, तेव्हा निघालो.