सिरिल वेक्सबरोला गेला

इंग्लंडातल्या केटर्बीच्या रेल्वे कामगार क्लबात दर शुक्रवारी संध्याकाळी मागच्या खोलीत भांडण होतं आणि ते मेव्हिस थर्ल्बीच उकरून काढते. गावात आता स्पीडवे, म्हणजे मुरमाच्या गोल ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींचा खेळ, उरलेला नाही. हेरन्सचा संघ बंद पडला, ट्रॅक उखडला, स्टेडियमच्या जागी विटांची एकसारखी घरं उभी राहिली. पण शर्यतीची वेळ मेव्हिसने मोडू दिली नाही. शुक्रवारी साडेसातला ती निळं जाकीट चढवून आपल्या खुर्चीत हजर असते. त्या जाकिटावर इतक्या वर्षांचे बिल्ले शिवलेत की मूळ कापड शोधावं लागतं. वटाण्याच्या कारखान्यात डबे भरून भरून तिची बोटं वाकडी झाली आहेत, जीभ मात्र अजून सरळ आणि धारदार आहे.

"शहात्तर!" त्या शुक्रवारीही तिने ग्लास टेबलावर आपटून सुरुवात केली. "शहात्तरसारखा सीझन झाला नाही आणि होणार नाही."

"शहात्तरला आपण खालून दुसरे होतो," नॉर्मन म्हणाला. नॉर्मन जन्मभर पोस्टमन होता. त्याला प्रेमापेक्षा पॉइंट जास्त आठवतात.

"मग? जिंकणाऱ्यावर काय, कुणीही जीव टाकतं. त्याला अक्कल लागत नाही."

"मला बाई तो डेन्मार्कचा रायडर आवडायचा," पॉलीन म्हणाली. "येन्स. काय ते डोळे!"

"डोळे घेऊन काय करायचंय? वळणावर घाबरायचा तो. कोल बॅनिस्टर बघ. हाताला प्लास्टर असताना जिंकला होता."

"तुझ्या कोलला तर तुम्ही साबण लावून पाडलं होतं," नॉर्मनने डिवचलं आणि सगळे पुन्हा एकदा ती गोष्ट ऐकायला सरसावून बसले, जणू पहिल्यांदाच ऐकणार आहेत.

एकोणीसशे शहात्तरच्या उन्हाळ्यात अख्ख्या इंग्लंडात पाण्याचा ठणठणाट होता. बागेला नळी लावायची बंदी. ट्रॅकचा लाल मुरूम ओला नसेल तर धुळीत मागच्याला पुढचा दिसत नाही, आणि स्पीडवेच्या मोटरसायकलींना ब्रेक नसतात. शर्यत रद्द होणार म्हटल्यावर मेव्हिसने गल्लीगल्लीत फिरून हाक दिली, आणि लोकांनी टबातलं आंघोळीचं वापरलेलं पाणी बादल्या भरभरून आणून ट्रॅकवर ओतलं. त्यात साबण असतो हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. पहिल्याच वळणावर चारही रायडर हातात हात घातल्यासारखे घसरत कुंपणात गेले. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडहून आलेला कोल फेसातून उठला आणि म्हणाला, "पडल्यावर आधीपेक्षा स्वच्छ झालो असं आयुष्यात पहिल्यांदाच होतंय!"

"आणि साबण होता कुणाचा?" पॉलीनने विचारलं. उत्तर तिला पाठ होतं.

"सिरिलचा. माणूस आठवड्यातून एकदा आंघोळ करायचा, पण अख्खी वडी संपवायचा."

सिरिल म्हणजे मेव्हिसचा नवरा. तो कधी मोटरसायकलवर बसला नाही. तो दुसऱ्या वळणावर फावडं घेऊन उभा असायचा. दर शर्यतीत मागची चाकं मुरूम उडवून कुंपणाकडे फेकतात. सिरिल तो परत आत ओढून रायडर धावतात त्या रेषेवर आणायचा, म्हणजे पुढच्या चौघांना पकड मिळते. पगार नाही, फक्त चहा. तारुण्यापासून म्हातारपणापर्यंत त्याने हेच केलं, आणि मेव्हिस त्याच वळणावर कुंपणाला टेकून उभी राहिली. रायडर जवळ आले की सगळे प्रेक्षक कपावर तळहात झाकतात, नाहीतर चहात मुरूम पडतो. सिरिल कधी झाकायचा नाही. पडलेल्या खड्यांसकट चहा प्यायचा आणि म्हणायचा, "साखर वाचते." मेव्हिसला त्याची शिसारी यायची. तिने इतक्या वर्षांत एकदाही कपावरचा हात काढला नाही.

तो गेला तेव्हा त्याची राख दुसऱ्या वळणावरच टाकली. दुसरीकडे कुठे टाकणार? हेरन्सचा तो शेवटचा सीझन ठरणार होता, पण तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. ट्रॅक्टरवाल्याने टोपी काढली, मिनिटभर थांबला आणि नेहमीसारखा ट्रॅक सपाट करून गेला. सीझन संपता संपता जमीन विकली गेली.

मेव्हिसने दोन गोष्टी ठरवल्या. एक, सिरिल होता तिथेच आहे. नव्या वसाहतीतल्या कोपऱ्यातल्या घराची मागची बाग बरोबर दुसऱ्या वळणावर येते, असा तिचा हिशेब होता. सकाळी पाव आणायला जाताना ती त्या बागेच्या कुंपणापाशी थांबून "काय रे, ठीक ना?" म्हणायची. तिथल्या तरुण जोडप्याला वाटायचं, म्हातारी मांजराशी बोलते. दुसरी गोष्ट वेक्सबरोची. वेक्सबरो हे मोटारीने अर्ध्या तासावरचं गाव, तिथले रॅम्स म्हणजे हेरन्सचे जन्माचे वैरी, आणि त्यांचा ट्रॅक मात्र चालू. हेरन्सचं कुणी तिथे शर्यत बघायला गेलं तर त्याने आपल्या टेबलाशी बसायचं नाही, असा मेव्हिसने दंडक घातला. सिरिल त्या गावात पेट्रोलसुद्धा भरायचा नाही.

डेनिस पोल तिथे शर्यत बघायला गेला. सिरिलचा जिवलग मित्र, त्याच्याच शेजारी फावडं घेऊन उभा राहणारा. मेव्हिसने भर खोलीत त्याला गद्दार म्हटलं. तेव्हापासून डेनिस क्लबाच्या पुढच्या खोलीत एकटा बसायचा, आणि दाराशी गाठ पडली तर मेव्हिस त्याच्याकडे भिंतीकडे पाहावं तसं पाहायची.

तोच डेनिस त्या शुक्रवारी, साबणाची गोष्ट संपता संपता, मागच्या खोलीत आला. हातात टोपी.

"दार लावून घे," मेव्हिस म्हणाली. "बाहेरून."

"मेव्हिस, एक सांगायचंय. मग जातो."

"रॅम्स जिंकले असतील तर तुझ्या आईला जाऊन सांग."

"मुरमाबद्दल आहे. आपल्या ट्रॅकचा मुरूम. घरं बांधायच्या आधी त्यांनी तो सगळा खरवडून काढला. कंत्राटदाराच्या आवारात ढीग पडून होता. चांगला मुरूम हल्ली मिळत नाही, तुला ठाऊक आहे. या हिवाळ्यात वेक्सबरोवाल्यांनी तो उचलला. ट्रॅकवर टाकलाय. मी स्वतः त्यांच्या ट्रॅकवाल्याला विचारलं."

पॉलीनने तोंडावर हात ठेवला. मेव्हिसला कळायला क्षणभर लागलं.

"सगळा?"

"सगळा."

"दुसऱ्या वळणाचाही?"

डेनिसने होकारार्थी मान हलवली. मग नॉर्मनला हसू फुटलं. त्याने ते दाबायला बिअरचा घोट घेतला आणि ठसका लागून सगळी बिअर टेबलावर आली.

"सिरिल वेक्सबरोला," तो खोकत म्हणाला. "अरे देवा, सिरिल रॅम्सच्या ट्रॅकवर!"

मेव्हिस उठली, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि घरी गेली.

शनिवारी सकाळी ती त्या कोपऱ्यातल्या बागेशी गेली. तिथली तरुण बाई गुलाबाला खत घालत होती. मेव्हिसने वाकून माती पाहिली. काळी, भुसभुशीत, दुकानातून पिशव्यांनी आणलेली. तांबडा कण नाही. दोन वर्षं तिने परक्याच्या गुलाबांची विचारपूस केली होती. तिला संताप आला, आधी बिल्डरचा, मग वेक्सबरोवाल्यांचा, मग सिरिलचा. मेल्यावरसुद्धा या माणसाला एका जागी राहता आलं नाही! आणि घरी येऊन ती रडली, कारण तो तिथे एकटा होता, वैऱ्यांच्या गावात, आणि तिनेच घातलेला दंडक तिला त्याच्याकडे जाऊ देत नव्हता.

आठवडाभर ती कुणाला दिसली नाही. गावात पैजा लागल्या. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, मेव्हिस काही वेक्सबरोला जायची नाही, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. आपण तिला ओळखतो असं समजणारे लोक हे!

पुढच्या शुक्रवारी ती क्लबात आली, पण मागच्या खोलीत बसली नाही. दारातूनच म्हणाली, "मी आज वेक्सबरोला चाललेय."

"आणि दंडक?" नॉर्मनने विचारलं.

"दंडक माझा. मी घातला, मी मोडते. तुला काही म्हणायचंय?"

"नाही, म्हणजे… मग आम्ही पण यायला हरकत…"

"तुझा कोण आहे तिथे? गप बस."

ती पुढच्या खोलीत गेली. डेनिस निघायच्या तयारीत कोटाची बटणं लावत होता.

"गाडीत जागा आहे का?"

"तू मला गद्दार म्हणाली होतीस."

"होतासच. तू शर्यत बघायला गेलास. मी नवऱ्याकडे जातेय." मग खालच्या आवाजात म्हणाली, "तू येऊन सांगितलंस, ते बरं केलंस. मी तुला दार दाखवलं होतं, तरी सांगितलंस."

"चहा तू घेऊन देणार असशील तर जागा आहे," डेनिस म्हणाला.

वेक्सबरोच्या फाटकावरच्या माणसाने काळ्या-पिवळ्या मफलरांच्या रांगेत ते निळं जाकीट पाहिलं आणि तिकीट फाडायचा थांबला.

"आजी, हेरन्स तर संपले ना?"

"तुला संपलेली दिसते का मी? फाड तिकीट."

ती सरळ दुसऱ्या वळणावर गेली आणि गर्दीतून कोपराने वाट काढत कुंपणाला टेकून उभी राहिली. हवेत तोच वास होता, जळक्या तेलाचा, गोडसर. समोर ट्रॅक. तो रंग तिने हजारात ओळखला असता, पिकल्या आलुबुखारासारखा गडद तांबडा. इकडच्या भागात तसला मुरूम दुसऱ्या कुणाकडे नव्हता. डेनिस कागदी कपात चहा घेऊन आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. पैसे त्यानेच दिले होते.

रॅम्सचे रायडर ओळख करून द्यायला बाहेर आले. सगळं स्टेडियम गर्जलं. मेव्हिसने दोन्ही हात तोंडाशी धरून अशी काही हुर्यो उडवली की पुढच्या रांगेतली माणसं मागे वळली.

"ओ बाई," शेजारचा पिवळ्या मफलरचा दांडगा माणूस म्हणाला, "तुम्ही आमच्या वळणावर उभ्या आहात. इथे रॅम्सचे लोक असतात."

"वळण तुमचं असेल. मुरूम आमचा आहे, आणि त्यात माझा नवरा आहे. राख टाकलीय आम्ही त्याची. मी इथे उभी राहणार, दर शर्यतीला उभी राहणार, आणि तुमच्या टोणग्यांच्या नावाने शिमगा करणार. काढतोस का मला बाहेर?"

त्या माणसाने डेनिसकडे पाहिलं. डेनिसने खरं आहे अशी मान डोलावली. दांडग्या माणसाने मफलर नीट केला आणि थोडा सरकून तिला पुढे जागा करून दिली. "नाव काय त्यांचं?" त्याने विचारलं.

"सिरिल. आणि तो तुमचा पोरगा बघ कसा झाडतोय!" वळणावर एक फावडेवाला मुरमाची रास कुंपणाशी तशीच ठेवून निघाला होता. मेव्हिस कुंपणावर ओणवी झाली. "अरे ए! तुझ्या बापाने शिकवलं नाही का? बाहेर ठेवू नकोस त्याला! आत ओढ! रेषेपर्यंत आत ओढ!"

तो पोरगा दचकला, पण वळला आणि मुकाट्याने रास आत ओढून आला. डेनिस पाठ फिरवून हसला.

सुरुवातीच्या रेषेवर ताणलेले दोर वर गेले. चारही मोटरसायकली किंचाळत सुटल्या, पहिल्या वळणात आडव्या झाल्या आणि दुसऱ्याकडे आल्या. कुंपणाशी उभ्या असलेल्या साऱ्या माणसांचे तळहात सवयीने आपापल्या कपांवर गेले, डेनिसचाही गेला. मागची चाकं सरकली आणि तांबडा मुरूम सपकन कुंपणावरून आला, केसांत, जाकिटावर, बिल्ल्यांवर.

मेव्हिसने कप उघडा धरला होता. शर्यत पुढे गेल्यावर तिने आत पाहिलं. तळाशी तांबडे कण बसत होते.

"साखर वाचली, मेल्या," ती म्हणाली, आणि सगळा चहा प्याली.