वृंदावन योजनेतले पंडितजी

माझे सासरे दादाराव गजभिये मूळचे भंडाऱ्याचे. रेल्वेत ड्राफ्ट्समन म्हणून लखनौला आले आणि रिटायर झाल्यावर वृंदावन योजना नावाच्या कॉलनीत घर घेऊन इथलेच झाले. दर रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या विहारात त्यांचं भाषण असतं. विषय ठरलेला: स्वातंत्र्य, समता, बंधुता. फ्रान्समध्ये पाव महागला तेव्हा काय झालं, राजाला देवाने नेमलेलं नाही हे आधी कुणी लिहिलं, हे सगळं ते असं सांगतात की पॅरिस आमच्या शेजारच्या तेलीबागच्या पुढच्या चौकातच आहे असं वाटावं.

त्यांची आवडती गोष्ट मात्र कॅरिबियन बेटावरच्या हैतीची. सगळी माणसं जन्मतः समान, असं फ्रान्सने जाहीर केलं, तेव्हा त्याच फ्रान्सच्या उसाच्या मळ्यांत हैतीचे गुलाम मरेस्तोवर राबत होते. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात ते नव्हतेच. गुलामांनी विचारलं, सगळी म्हणजे आम्हीही ना? आणि उठले. इथे बाबांचा आवाज चढतो. "शब्द लिहिणारा मोठा नाही, तो खरा मानणारा मोठा!"

हे विहारात. कॉलनीत मात्र बाबा 'पंडितजी'.

त्याचं असं आहे, लखनौत नाव विचारतात ते आडनावासाठी. 'रावत' म्हटलं की दलित, हे इथल्या पोरासोरांनाही कळतं. 'गजभिये' कुणालाच कळत नाही. मराठी, शाकाहारी, सदा पुस्तकात डोकं, म्हणजे पंडितच, असं समोरच्या तिवारीजींनी ठरवून टाकलं. बाबा आधी हसले, मग गप्प बसले, मग सवय झाली. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती आहे, पण ती हल्ली कुणाच्याही शोकेसमध्ये असते. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत. मी लग्न होऊन नागपूरहून आले तेव्हा विचारलं, तर म्हणाले, "दीप्ती, उगाच वाद कशाला?" लोका सांगे ब्रह्मज्ञान! पण नवी सून, काय बोलणार?

मग तिवारीजींच्या वरच्या खोलीत पूनम भाड्याने आली. लखनौबाहेरच्या मलिहाबादच्या आमराईत राबणाऱ्या बापाची लेक, तेलीबागच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. नाव नुसतं 'पूनम कुमारी' सांगायची. फ्रेंच क्रांतीवर पुस्तक हवं म्हणून बाबांकडे आली आणि येतच राहिली. एकदा हैतीची गोष्ट ऐकून तिचे डोळे भरले. म्हणाली, "अंकलजी, आप जैसे पंडित लोग ऐसा सोचने लगें तो देश बदल जाए."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी. आता सांगतील, आता तरी सांगतील. बाबांनी चहात बिस्किट बुडवलं.

त्याच आठवड्यात पूनमने खोलीच्या दाराला पाटी लावली: 'पूनम रावत, एम. ए.' शब्द तिने खरा मानला होता.

पाटी दिसली आणि कॉलनी हलली. तिवारीजी आणखी तिघांना घेऊन आमच्याकडे आले. "पंडितजी, आप ही बताइए. ज़ीना एक, पानी की टंकी एक. घर में पूजा-पाठ होता है. कमरा खाली करा लें न?"

सगळे बाबांकडे बघत होते. त्यांनी नुसतं 'नको' म्हटलं असतं तरी त्या घरात पूनम राहिली असती, इतका त्यांचा मान होता. बाबा म्हणाले, "मकान आपका है तिवारीजी. जैसा ठीक समझें."

तीन शब्दांपैकी स्वातंत्र्य तेवढं आठवलं, तेही घरमालकाचं. माझा संताप संताप झाला.

मंडळी गेली आणि सासूबाई, कमलाआई, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आतला फोटो आणला, स्टुलावर चढल्या, दिवाणखान्यातलं कॅलेंडर काढून तिथे तो लावला. "काढायचा असला तर तुमच्या हातानं काढा," एवढंच म्हणाल्या.  बाबांनी फोटो काढला नाही. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

सामान बांधून झाल्यावर पूनम पुस्तक परत करायला आली. दारातच थबकली. "अंकलजी, ये...?"

"हम पंडित नहीं हैं, बेटा," बाबा म्हणाले. "जो तुम हो, वही हम हैं. उस दिन मुझे डर लगा. लगा, ये लोग मेरा भी पूरा नाम पूछेंगे."

पूनम फोटोकडे बघत म्हणाली, "तिवारीजी ने बताया था कि पंडितजी की भी यही राय है. मुझे बुरा नहीं लगा अंकलजी. सोचा, पंडित हैं, बेचारे कहाँ तक साथ देंगे." तिने पुस्तक टेबलावर ठेवलं. "बुरा अब लग रहा है."

आता ती रोज मलिहाबादहून अख्खं शहर ओलांडून कॉलेजला येते.

पूनम गेली त्याच संध्याकाळी बाबा तिवारीजींकडे गेले आणि आपण कोण ते सांगून आले. तिवारीजी म्हणाले, "अरे, आपकी बात अलग है." घरी येऊन बाबांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, म्हणाले.

पुढच्या रविवारी मीही विहारात गेले. बाबांनी हैतीची गोष्ट सांगितली नाही. वृंदावन योजनेची सांगितली, स्वतःचं नाव घेऊन, काहीही न लपवता. शेवटी कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, तर हात जोडून थांबवलं. पहिल्या रांगेत एका खुर्चीवर त्यांनी सकाळीच आपली शाल टाकून ठेवली होती. पूनमला त्यांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. परत निघताना रिकाम्याच राहिलेल्या त्या खुर्चीवरची शाल मी उचलून घेतली.